जीफी लोकांना शौलाचा आशीर्वाद: बोलण्याची रीत की मनातलं बोलणं?

प्रश्न बायबलमधल्या एका प्रसंगाचा आहे: इस्राएलचा राजा शौल दाविदाच्या जिवावर उठलाय, आणि दावीद आमच्या रानात लपलाय, अशी खबर घेऊन जीफ गावचे लोक, म्हणजे जीफी, शौलाकडे येतात. त्यावर तो ‘परमेश्वर तुमचं भलं करो, तुम्हाला माझा कळवळा आला’ अशा अर्थाचं बोलतो (१ शमुवेल २३:२१). हा खरा आशीर्वाद की नुसती बोलण्याची रीत?

शब्द रिवाजातलेच आहेत. मूळ हिब्रूत ‘बरूखीम अत्तेम’, म्हणजे तुम्ही परमेश्वराचे आशीर्वादित असा. पण रिवाजाचे म्हणून ते पोकळ ठरत नाहीत. शौल रणात पडल्यावर याबेश-गिलाद गावच्या माणसांनी त्याच्या अस्थी पुरल्या. त्यांना दावीद नेमके हेच शब्द कळवतो (२ शमुवेल २:५), कारण त्यांनी आपल्या धन्याशी ‘हेसेद’, निष्ठेची माया, राखली. तिथे निष्ठेला मिळालेला आशीर्वाद इथे फितुरीला मिळतो.

‘कळवळा’ त्याहून बोचतो. मूळ धातू ‘हामल’, म्हणजे दया करणं, गय करणं. याच पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात अमालेकी या शत्रू लोकांपैकी कुणाचीही गय करू नकोस अशी आज्ञा असताना शौल अगाग राजाला आणि चांगली गुरंमेंढरं वाचवतो, तिथे हाच धातू आहे. वर ती आज्ञा सांगणारा संदेष्टा शमुवेल भेटताच ‘तू परमेश्वराचा आशीर्वादित अस, मी आज्ञा पाळली’ असं म्हणून मोकळा होतो! आशीर्वाद आणि दया ही जोडी त्याच्या तोंडी तेव्हापासूनची.

तरी तो ढोंग करतोय असं मला वाटत नाही. आदल्याच अध्यायात ‘तुमच्यापैकी कुणालाच माझ्याबद्दल काही वाटत नाही’ असं तो चाकरांना रडवेला होऊन सुनावतो आणि मग परमेश्वराच्या ८५ याजकांना ठार करवतो. ज्याला सगळे आपल्यावर उठलेत असं वाटतं, त्याला खबऱ्याही कनवाळू दिसतो. तो मनापासून बोलतोय, म्हणूनच वाचताना अंगावर येतं.

जीफ हे यहूदाच्या वाट्याचं गाव, म्हणजे हे दाविदाच्याच यहूदा वंशातले लोक. गंमत नव्हे, पण लक्षात घ्या: ते स्वतः देवाचं नाव एकदाही घेत नाहीत. दाविदाला राजाच्या हाती देणं आमच्याकडे लागलं, एवढंच म्हणतात. देव आणतो तो शौल. दावीद कईला गावात शिरला तेव्हाही ‘देवाने त्याला माझ्या हाती दिलंय’ असं तोच म्हणाला होता (२३:७). कथनकार त्याला सात वचनांनंतर उत्तर देतो: शौल रोज शोधत राहिला, पण देवाने दाविदाला त्याच्या हाती दिलं नाही (२३:१४). जीफींना दिलेला आशीर्वाद त्यानंतरचा आहे.