आजोबांचा कॅमेरा आणि मंडईतला उजेड

प्रश्न : आजोबांचा ३५ मि.मी. फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा (खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा) दुरुस्त करून घेतला. उजेड मोजणारा लाइट मीटर मात्र बंदच आहे. ५० मि.मी.ची लेन्स आणि ४०० आयएसओचा (म्हणजे प्रकाशाला तितक्या संवेदनशीलतेचा) कृष्णधवल रोल घेऊन मी पुण्याच्या मंडईत जातो. फोकस जुळेपर्यंत क्षण निघून जातो आणि निम्मे फोटो काळपट येतात. अनोळखी माणसांचे फोटो विचारून काढावेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे : कॅमेरा डोळ्याला लावल्यावर तुम्ही हिशोब सुरू करता. तो त्याआधी संपलेला असावा. बाहेर भर उन्हात ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/११ वर ठेवा (आकडा मोठा तितके छिद्र लहान आणि स्पष्ट येणारा पट्टा रुंद), शटर १/१००० सेकंद किंवा कॅमेऱ्यात असेल तो सर्वांत वेगवान, आणि लेन्सवरील अंतर ३ मीटरवर लावून टाका. मग साधारण सव्वादोन ते पाच मीटरांमधले सारे स्पष्ट येते आणि रेंजफाइंडरकडे पाहावेही लागत नाही. ३ मीटर म्हणजे आपली सुमारे चार पावले. मी महिनाभर रोलशिवाय, खांबापासून पावले मोजत हा सराव केला होता आणि त्या महिन्याइतके पुढच्या कोणत्याही खर्चाने मला शिकवले नाही.

मंडईच्या आत मात्र हे गणित कोसळते. छपराच्या फटींतून येणारा उजेड डोळ्यांना फसवतो. भाजीवाल्या मावशींचा चेहरा सावलीत असतो आणि आपण अंदाज बांधतो तो उजळलेल्या टोपल्यांवरून. माझे पहिले कित्येक रोल असेच गेले. निगेटिव्ह (धुतलेली फिल्म, तिच्यावर उजेड-अंधार उलटे दिसतात) फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसत असेल, तर कमी प्रकाश पडला हे नक्की समजावे. कृष्णधवल निगेटिव्हला थोडा जास्त प्रकाश सोसतो, कमी सोसत नाही. म्हणून नेहमी सावलीचाच अंदाज घ्यावा. आत बहुधा एफ/२.८ आणि १/६० लागते, परंतु त्या ॲपर्चरवर ३ मीटरला जेमतेम ६० सेंटिमीटरांची पट्टी स्पष्ट राहते. त्यामुळे आत जायचे असेल तर मी इल्फर्ड एचपी ५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स हे ४०० आयएसओचे रोल १६०० आयएसओचे समजून वापरतो आणि धुताना त्याप्रमाणे वेळ वाढवायला लॅबला स्पष्ट सांगतो. मग एफ/५.६ मिळते आणि ती पट्टी सव्वा मीटरपर्यंत जाते. छत्तीसही फ्रेम एकत्रच धुतल्या जातात, त्यामुळे अर्ध्यातून निर्णय बदलता येत नाही. फोटोतले दाणे जाड होतात, सावल्यांतले तपशीलही थोडे जातात, पण मंडईला ते शोभते.

परवानगीचे म्हणाल, तर गर्दीचे दृश्य मी न विचारता टिपतो. एकाच व्यक्तीचा चेहरा असेल तर नजरेने तरी विचारतो, आणि समोरच्याने हात आडवा केला की कॅमेरा खाली. फिल्मवरचा फोटो तिथल्या तिथे दाखवता येत नाही, याची मला फार चुटपुट लागते. म्हणून पुढच्या खेपेस पाच बाय सातची प्रिंट घेऊन जातो. गाळ्यावर ती हातोहात फिरते, शेजारचे काका ‘आमचा कधी?’ असे विचारतात आणि मग परवानगी मागण्याची वेळ बहुधा येत नाही.