उशाशी ठेवलेलं पुस्तक

प्रश्न : मिस्टर व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन दोन महिने झाले, देवाच्या कृपेनं दारू बंद आहे. मी दोन-तीन पुस्तकं आणून त्यांच्या उशाशी ठेवली पण ते हात लावत नाहीत, उलट चिडतात. त्यांना काय वाचायला द्यावं? शेजारच्या बाई म्हणतात, जेवणात गुपचूप टाकायची पावडर मिळते ती द्या.
- एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी पावडरचं बोलू, ती कृपा करून देऊ नका. तिच्यात काय आहे ते आपल्याला कळत नाही, आणि डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला देतात ते औषध, असलं आणि ते वरून दारू प्यायले तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हे औषध देतात पण पेशंटला सांगून, त्याची तयारी असेल तरच.

आता पुस्तकं. उशाशी ठेवलेलं पुस्तक त्यांना पुस्तक वाटत नाही हो, बोलणी वाटतात. माझ्या भावाच्या वेळी मी हेच केलं, चांगल्या ओळींखाली पेनने रेघा मारून ठेवायचे, त्याला प्रत्येक रेघ टोचायची आणि मला वाटायचं याला सुधारायचंच नाहीये. शिवाय सुरुवातीचे महिने लक्षच लागत नाही, झोप धड नसते, वाचलेलं दोन मिनिटांत विसरतं, त्याला आळस समजू नका.

म्हणून माझं म्हणणं, आधी तुम्ही वाचा, तुमच्यासाठी. अनिल अवचटांचं ‘मुक्तांगणची गोष्ट’ घ्या. गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर त्यांनी लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा मनोविकारतज्ज्ञ, केंद्राचा खरा कणा त्याच. सोपी भाषा आहे, आणि व्यसन हा आजार आहे हे नुसतं ऐकून पटत नाही ते तिथली माणसं बघून पटतं. मग अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘एए’ या संघटनेचं, मूळ पुस्तक, १९३९ सालचं, सगळे बिग बुक म्हणतात ते. त्यात एक प्रकरण बायकांना उद्देशून आहे, ते बिल यांनी, म्हणजे एएच्या संस्थापकांपैकी एकाने, एका नवऱ्यानेच लिहिलंय, आणि मला ते वाचताना राग येतो, सगळं समजून घ्यायचं ते बायकोनेच असा सूर आहे. ते सोडलंत तरी चालेल. पण लगेच पुढचं, दारू सुटल्यावरच्या घराबद्दलचं प्रकरण नक्की वाचा, माणूस प्यायचा थांबला तरी घरातला अविश्वास, पैशाचे हिशोब, मुलांची भीती लगेच जात नाही हे तिथे स्पष्ट म्हटलंय. आणि अल-ॲनॉन ही घरच्यांसाठीची मीटिंग जवळपास असेल तर जा, वाचायला पुस्तिका तिथेच मिळतात. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, पुण्याला जाणं झालं तर चौकशी करा.

तुम्ही वाचताना त्यांनी विचारलं काय वाचतेस, तर एखादा परिच्छेद मोठ्याने वाचा आणि थांबा. पुढे काय आहे ते विचारू दे त्यांना.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, पाच महिने सोबर आहे, दारूला हात लावलेला नाही. रात्री झोप येत नाही म्हणून व्यसनातून बाहेर आलेल्यांचे अनुभव वाचतो, पण पिण्याचं वर्णन आलं की तोंडाला पाणी सुटतं. मी परत घसरतोय का?
- एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही दादा, तलफ आली म्हणजे स्लिप झाली, परत प्यायला लागलात, असं नाही. ग्लासचा आवाज, बारचा रस्ता, पगाराचा दिवस याने जशी येते तशी वर्णनानेही येते, मेंदूला ती ओळख पक्की झालेली असते. फक्त वाचायची वेळ चुकतेय. रात्री, एकटं, अंधारात मोबाईलवर नको, सकाळी चहाबरोबर वाचा. एएच्या मीटिंगमध्ये अनुभव सांगतात त्यात तीन गोष्टी असतात, आधी काय होतं, मग काय घडलं, आता कसं आहे. तुम्ही सध्या दुसऱ्या भागापासून सुरू करा, पिण्याची पानं उलटा, ती कुठे पळून जात नाहीत.

रात्रीसाठी व्यसनाचं वाचनच नको, क्रिकेट, प्रवास, गडकिल्ले, काहीही. आणि तलफ आलीच तर पुस्तक मिटा, पाणी प्या, पोटात काही टाका आणि स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या तुम्हाला आधार देणाऱ्या जुन्या सदस्याला, फोन करा, रात्रीचे अकरा वाजलेत म्हणून लाजू नका, बहुतेक वेळा अर्ध्या तासात ती ओसरते. स्पॉन्सर नसेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. झोपेचं मात्र डॉक्टरांना सांगा, मेडिकलमधून झोपेची गोळी मनाने आणू नका, तिचीही सवय लागते.

आणि पुढच्या मीटिंगला जाताना ते पुस्तक बरोबर न्या, ज्या पानावर तोंडाला पाणी सुटलं तेच शेअरिंगमध्ये वाचून दाखवा.