निफाडची थंडी पुण्याला घेऊन जा

नाशिक, गंगापूर रोड

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. एवढ्या प्रश्नांची उत्तरं मोबाइलवर बोटांनी टाइप करणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून सरळ पत्र लिहायला बसले. भूगोलात एम.एस्सी. नाशिकमध्येच करू की पुण्याला विद्यापीठाच्या विभागात जाऊ, आणि पुढे पीएच.डी. झेपेल का, असं विचारलंयस. "डिग्री एकच, मग तिकडे जाऊन खर्च कशाला?" हे वडिलांचं म्हणणंही लिहिलंस, ते बरं केलंस.

डिग्रीपुरतं वडिलांचं खरं आहे. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघालं तेव्हा बारा जिल्हे त्याच्या पदरात होते. १९६२ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९०ला जळगावचं झालं, आणि शेवटी पुणे, नगर आणि आपण एवढेच राहिलो. २०१४ला सावित्रीबाईंचं नाव लागलं. म्हणजे नाशिकच्या कॉलेजात शिकलीस काय आणि गणेशखिंडीतल्या कॅम्पसवर शिकलीस काय, मार्कशीटवर विद्यापीठ तेच. नुसती डिग्री हवी असेल, बी.एड. करून शाळेत लागायचं असेल, तर नाशिकच पत्कर. घरचं जेवण, एसटीचा पास, आणि शिकवणारी माणसं इथेही चांगली आहेत. तुझ्या वहिनीसारखं घर सांभाळून शिकायचं असेल तर मुक्त विद्यापीठ आहेच. १९८९पासून आपल्या गंगापूर धरणाकडच्या रस्त्याला आहे, राज्यभरातली माणसं तिथून शिकतात, आपल्याला मात्र त्याचं अप्रूप नाही.

पण तुला संशोधन करायचंय. मग पुण्याला जा, आणि जाताना प्रश्न इथला घेऊन जा.

आता जरा सविस्तर सांगते. दर जानेवारीत पेपरात 'निफाड गारठले' असा मथळा येतो आणि खाली कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा असतो. त्याच दिवशी ओझरच्या एचएएलचा, म्हणजे विमान कारखान्याचा, आकडा वेगळा येतो. लोक दोन्ही वाचतात, "बापरे" म्हणतात आणि पान उलटतात. तुमच्याकडे मात्र वडील पहाटे उठून द्राक्षांच्या बागेत शेकोट्या करतात, ठिबक सोडतात, मणी तडकू नयेत म्हणून. हे तूच मला सांगितलं होतंस. त्यांच्या बागेत त्या पहाटे किती तापमान होतं, हे कुणालाच माहीत नसतं. कुंदेवाडीचा तापमापक लाकडी झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. तुमचे घड लोंबकळतात मांडवाखाली, त्याहून वर. वडिलांच्या वरच्या बागेत नुकसान कमी आणि कादवा नदीच्या बाजूच्या बागेत जास्त, असंही तू म्हणाली होतीस. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमीन भराभर उष्णता सोडते आणि तिला टेकलेली थंड, जड हवा उताराने सखल भागात जाऊन साठते, हे आपण दुसऱ्या वर्षाला शिकलो. मग निफाड तालुक्यात ती नेमकी कुठे साठते? एका पेटीतला आकडा किती गावांच्या वतीने बोलू शकतो?

हा एम.एस्सी.च्या प्रोजेक्टएवढा प्रश्न आहे, आणि नीट वाढवला तर पीएच.डी.एवढाही होईल. त्याला लागणारं साहित्य फार महाग नाही. साधे किमान तापमापक किंवा आपोआप नोंद ठेवणारे छोटे डेटा लॉगर, एक वही, आणि पहाटे उठायची तयारी, जी शेतकऱ्याच्या लेकीला शिकवावी लागत नाही. नकाशाचं मात्र थोडं अवघड आहे. ओझर आणि निफाडच्या मधून ७४ अंश रेखावृत्त जातं, त्यामुळे ओझर ४६ एच/१६ या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर, आणि निफाड ४६ एल/४ वर. दोन्ही शीट शेजारी ठेवून जोडशील तेव्हा दिसेल की १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, उंचीच्या दर २० मीटरला असतात, आणि तुमचं अख्खं शिवार दोन रेषांच्या मधे बसून जातं. थंड हवेला मात्र दोन-चार मीटरचा उतारही पुरतो. म्हणजे टोपोशीटवर भागणार नाही, उपग्रहाचा उंचीचा डेटा घ्यावा लागेल, आणि तोही तिथे पुरेसा बारीक आहे का ते जागेवर जाऊन तपासावं लागेल. जीआयएसच्या, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या, प्रॅक्टिकलला नुसते रंग भरत बसणाऱ्या मुलांपेक्षा तू इथेच पुढे जाशील.

आणि आता पुणे कशाला, ते ऐक. भूगोल विभाग आहेच. त्याच कॅम्पसवर वातावरण आणि अवकाशशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. शिवाजीनगरला हवामान खात्याचं 'शिमला ऑफिस' आहे. १९२८ साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून लोक अजून तेच नाव घेतात. जुन्या नोंदी तिथे मागता येतात. पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्था, म्हणजे आयआयटीएम. निफाडच्या थंडीवर काम करणाऱ्या मुलीला ही सगळी दारं एका दिवसात, पीएमपीच्या बसने ठोठावता येतात. नाशिकमधून तेच काम करायचं तर प्रत्येक वेळी सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत जा. (नाशिक–पुणे रेल्वेची वाट बघू नकोस. मी नोकरीला लागले तेव्हापासून ती 'होणार' आहे.)

ही दारं आपणहून उघडत नाहीत, एवढं लक्षात ठेव. सरकारी विद्यापीठात कुणी तुला बोलावून घेणार नाही. पत्र लिहून, विभागप्रमुखांची सही-शिक्का घेऊन, दोनदा हेलपाटा मारून जायचं. पहिल्या खेपेला साहेब जेवायला गेलेले असतात. पण एकदा भेटले आणि तुझा प्रश्न खरा आहे हे त्यांना दिसलं, की बहुतेक जण मनापासून मदत करतात. खासगी विद्यापीठांच्या चकचकीत माहितीपत्रकांत न सापडणारी ही गोष्ट आहे.

अभ्यासक्रमाचं थोडक्यात. नव्या शिक्षण धोरणाप्रमाणे दोन वर्षं, चार सत्रं. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा पेपर, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, तिसऱ्या-चौथ्यात रिसर्च प्रोजेक्ट. एका वर्षानंतर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेरही पडता येतं, ते घरच्यांना सांगून ठेव, त्यांना धीर येईल. बहुतेक मुलं संशोधन पद्धतीचा पेपर गाइड पाठ करून सोडवतात आणि ट्रेनिंगला ओळखीच्या ऑफिसचं सर्टिफिकेट आणतात. तू तसं करू नकोस. ट्रेनिंग कुंदेवाडीला किंवा दिंडोरी रोडच्या मेरीत, म्हणजे सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, मिळतंय का बघ. आणि ते हिवाळ्याच्या दिवसांत येत नसेल तर दिवाळीच्या सुट्टीतच तापमापक लावून मोकळी हो. थंडी तुझ्या सत्राचं वेळापत्रक बघून पडत नाही. एक हिवाळा हुकला तर वर्ष गेलं.

मार्गदर्शक कसा निवडायचा, हे तू विचारलं नाहीस, पण खरी मेख तिथेच आहे. नाव, पद, किती पुस्तकं, यावर जाऊ नकोस. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर त्यांच्या हाताखालचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. दोन-तीन उघड. विषय सगळे एकाच साच्यातले आहेत का? 'अमुक तालुक्याचा भौगोलिक अभ्यास' आणि फक्त तालुका बदललेला? मग तिथून पुढे सरक. विद्यार्थ्याने स्वतः मोजलेलं काही आहे का, ते बघ. मग त्या विद्यार्थ्यांपैकी कुणालातरी कँटीनमध्ये गाठून चहा पाज आणि विचार, सर किंवा मॅडम प्रकरण वाचून किती दिवसांत परत देतात. हे कुठल्याही वेबसाइटवर लिहिलेलं नसतं. प्रोफेसरांना एका वेळी आठ, असोसिएटना सहा, असिस्टंटना चार असे पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा आहे का हेही आधीच विचार. मी तर म्हणेन, कमी विद्यार्थी असलेले तरुण असिस्टंट प्रोफेसर बघ. त्यांनाही काम दाखवायचं असतं.

पीएच.डी. झेपेल का? अक्कल झेपेल, पैशाचं बघावं लागेल. किमान तीन वर्षं, कमाल सहा, बायकांना दोन वर्षांची जादा सवलत. नेट ही देशपातळीवरची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० मिळतात. मग घरी कुणापुढे हात पसरायला नको. म्हणून एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासूनच नेटला बस. सेट ही राज्याची परीक्षा आपल्याच विद्यापीठातर्फे होते, तीही दे, पण सेट पास होऊन फेलोशिप मिळत नाही, हे मुलांना फार उशिरा कळतं. "अडीच हजार भरा, आठ दिवसांत पेपर छापतो" असे मेसेज तुला येतील. तिथे एक रुपयाही घालू नकोस. प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट २०२२च्या नियमांत युजीसीने काढून टाकली आहे.

कॅम्पसवर राहण्याचं म्हणशील तर झाडी, जुनी मुख्य इमारत, मोठं जयकर ग्रंथालय, हे पहिले पंधरा दिवस फोटो काढण्यापुरतं. नंतर मेसची भाजी आणि होस्टेलची वेटिंग लिस्ट खरी. यादीत नाव खाली असेल तर घाबरून बाहेर महागडी खोली पकडू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या यादीत बरीच नावं लागतात. 'कमवा आणि शिका'साठी पहिल्याच आठवड्यात अर्ज दे. पैसे थोडेच मिळतात, पण ग्रंथालयात किंवा विभागात काम मिळालं तर कुठलं कपाट कुणाच्या ताब्यात हे कळतं, आणि सरकारी संस्थेत ही माहिती सोन्याच्या मोलाची. होस्टेलला खोलीवर स्पर्धा परीक्षावाल्या मुली भेटतील, काही जणी तर खोलीसाठीच प्रवेश घेऊन बसलेल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांचीही मजबुरी असते. पण त्यांच्या नादाने "एक अटेम्प्ट देऊन बघते" असं सुरू केलंस तर ना धड ते ना धड हे. एमपीएससी करायची असेल तर आत्ताच सांग, मी वेगळं पत्र लिहीन. २८ फेब्रुवारीला आयुकाचं, म्हणजे कॅम्पसवरच्या खगोलशास्त्राच्या संस्थेचं, आवार लोकांसाठी खुलं असतं, तिथे जा, विषय तुझा नसला तरी जा.

आणि नोंदवही मराठीत लिही. प्रबंध इंग्रजीत करायचा तर करशील, पण पहाटे साडेपाचला गारठलेल्या बोटांनी वडिलांच्या शेजारी उभं राहून जे दिसेल ते त्याच भाषेत उतरव. दव पडलं होतं का, धुई होती का, शेकोटीचा धूर सरळ वर जात होता की जमिनीलगत पसरत होता. धूर पसरत असेल तर वेळ नक्की लिही, त्याचा पुढे उपयोग होईल.

आता कामाचं. निकालाची वाट बघत बसू नकोस. उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर जातीचा आणि नॉन-क्रीमीलेयर, सगळं आत्ता काढ. निकाल लागला की निफाडच्या सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि सर्व्हर बसतो. नॉन-क्रीमीलेयरची मुदत प्रवेशाच्या तारखेला संपत नाही ना, ते पाहा. आधार बँकेला जोडलेलं आहे ना, तेही. महाडीबीटीची शिष्यवृत्ती बऱ्याच जणांची तिथेच अडकते. विभागाची प्रवेश परीक्षा असते, तिचे अर्ज निकालाच्या आधीच निघतात, त्यामुळे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा डोकाव. नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच भर, वडिलांचं नाव मधे आणि आडनाव शेवटी की आडनाव आधी, यावरून सुद्धा फॉर्म परत येतात.

वडिलांना माझा नमस्कार सांग. खर्चाचं त्यांच्याशी मी बोलेन. छाटणीची गडबड संपली की एकदा दोघं या, सोबत मार्कशीटच्या झेरॉक्स आण.

तुझी,
मॅडम