छोट्या कॉलेजातले वेलनेस इव्हेंट खरे असतात का, असं विचारणाऱ्या मुलीला

तू विचारलंयस की मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळालीये, त्यांच्या कॅलेंडरवर दर आठवड्याला काही ना काही दिसतं, कम्युनिटी डिनर, योगा, ध्यान, परीक्षेच्या वेळी लायब्ररीत कुत्रे, तर हे सगळं खरंच होतं की नुसतं माहितीपत्रकापुरतं असतं. आणि आई म्हणतेय की एवढ्याशा गावात एकटी पडशील, त्यापेक्षा न्यूजर्सीला मावशीजवळच्या युनिव्हर्सिटीत जा. व्हिसा, फी, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेजकडून मिळणारा फॉर्म) यावर कॉलेजची साईट आणि कॉन्सुलेट सगळं सांगतात, मी त्यात पडत नाही. पण तुझा प्रश्न वाचल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाहीये म्हणून सविस्तर लिहितेय. मी नॉर्थफील्डला राहते, मिनीॲपोलिसच्या दक्षिणेला साधारण चाळीस मैल. वीसेक हजार वस्तीचं गाव आणि त्यात दोन कॉलेजं, कार्लटन आणि सेंट ओलाफ. कार्लटनमध्ये जेमतेम 2000 मुलं. मी आणि माझा नवरा, आम्ही दोघंही कॉलेजात नोकरीला नाही, पण इथे येणाऱ्या देशी मुलामुलींना जेवायला बोलावणं, डॉक्टरकडे नेणं, थंडीचे बूट घ्यायला घेऊन जाणं हे बरीच वर्षं चालू आहे, त्यामुळे बरंच काही जवळून बघितलंय.

तर पहिली गोष्ट, हो, होतं. कॅलेंडरवर असतं ते होतंच, वेळेवर होतं, आणि मनापासून करतात. परीक्षेच्या आठवड्यात कुत्रे येतात ते शिकवलेले असतात, त्यांच्यासोबत त्यांचे मालक असतात, मुलं जमिनीवर बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसतात आणि त्यातली निम्मी आपापल्या घरच्या कुत्र्याच्या आठवणीने रडतात. अनेक छोट्या कॉलेजांत परीक्षेआधीच्या रात्री प्रोफेसर आणि ऑफिसातली माणसं स्वतः उभी राहून मुलांना नाश्ता वाढतात, ज्या बाईंनी तुझा पेपर लाल करून दिलाय त्याच तुझ्या ताटात पॅनकेक घालतात. आपल्याकडे प्राचार्यांनी मुलांना वाढलेलं मी तरी बघितलं नाही, त्यामुळे मला हे अजूनही फार आवडतं. थंडीत साडेचारला अंधार पडतो म्हणून बऱ्याच ठिकाणी लख्ख प्रकाशाचे दिवे ठेवलेले असतात, त्यांच्यासमोर सकाळी जाऊन बस, लाजू नकोस. योगाच्या वर्गाला पण जा. तू भारतातली म्हटल्यावर चार जण विचारतील की तुला येतच असेल ना, तर येत असेल तर हो म्हण, नसेल तर नाही म्हण, त्यात काही नाही.

पण एक गोष्ट कुठल्याच साईटवर लिहिलेली नसते. इथे कोणी तुला न्यायला येणार नाही. ईमेल आला म्हणजे आमंत्रण झालं. आपल्याकडे शेजारच्या काकू दारात येऊन म्हणतात अगं चल की, आपण नको म्हणतो, त्या पुन्हा म्हणतात, आपण पुन्हा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा जातो. इथे पहिल्या नकोला लोक मान देतात. तुला त्रास नको म्हणून पुन्हा विचारत नाहीत, आणि हे ते चांगुलपणानेच करतात, पण आपल्या मुलींना वाटतं की मी कोणालाच नकोय. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने पहिल्या टर्मला रूममेटला दोनदा संकोचाने नाही म्हटलं आणि नंतर वर्षभर तिला कोणी जेवायला चल म्हटलं नाही. दोघी चांगल्या होत्या गं. म्हणून सांगते, मनात जायचं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणायचं, पोट भरलेलं असलं तरी जाऊन बसायचं.

दुसरं म्हणजे नुसती प्रेक्षक म्हणून जाऊ नकोस, काहीतरी काम घे. कार्लटनजवळ युनियन स्ट्रीटवर डेसी मोझेस यांचं घर आहे. या बाई कॉलेजच्या लायब्ररीत काम करायच्या, त्यांचं घर मुलांना सदैव उघडं असायचं, कोणीही यावं आणि कुकीज भाजाव्यात. 1981 मध्ये त्या वारल्या आणि घर कॉलेजला देऊन गेल्या, आजही तिथे मैदा, साखर, लोणी ठेवलेलं असतं, मुलं येतात, भाजतात, दुसऱ्यांसाठी ठेवतात, ओटा पुसून जातात, रविवारी सकाळी एकत्र खातात. मला इथल्या सगळ्या उपक्रमांत हे सगळ्यात जवळचं वाटतं, कारण तिथे ताण कसा कमी करावा यावर कोणी बोलत नाही, हाताला पीठ लागलेलं असतं आणि शेजारी जो उभा आहे त्याच्याशी आपोआप बोलणं होतं. तुझ्या कॉलेजात हेच घर नसेल पण असं काहीतरी असतंच, बागेचा तुकडा, सायकल दुरुस्तीची खोली, कोणाचं तरी स्वयंपाकघर, ते शोध. खुर्च्या मांडायला जा, भांडी घासायला थांब. दिवाळीला इथे भारत, नेपाळ, बांगलादेशची मुलं मिळून स्वयंपाक करतात, आणि जी मुलं कांदा चिरायला येतात त्यांची मैत्री टिकते, जी सातला नटून येऊन नऊला जातात त्यांची टिकतेच असं नाही. (होस्टेलच्या किचनमध्ये फोडणी देताना आधी एक्झॉस्ट लाव. स्मोक अलार्म वाजला की सगळी बिल्डिंग बर्फात उभी राहते.)

आता कागदपत्रांचं. म्हटलं होतं की त्यात पडणार नाही, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही, नावाचं. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, माझ्या पासपोर्टवर माझं आणि नवऱ्याचं होतं. इथे ते दोन्ही मिळून माझं पहिलं नाव झालं, विम्याच्या कार्डवर मधली जागा उडाली, औषधाच्या दुकानात वेगळंच, बँकेत आणखी तिसरं, आणि मग प्रत्येक बिल परत यायचं की अशी व्यक्ती आमच्याकडे नाही. मी फोनवर तासन् तास स्पेलिंग सांगितलेलं आहे. दवाखान्यात नर्स बाहेर येऊन माझ्या नवऱ्याच्या नावाने मला हाक मारायची आणि मी उठायचे. हे आता आठवलं तरी घशाशी येतं, कारण नव्या देशात पहिली काही वर्षं माझ्या स्वतःच्या नावाने मला कोणी हाक मारली नाही. तू मात्र पहिल्या दिवसापासून सगळीकडे पासपोर्टवरचंच स्पेलिंग एकसारखं ठेव आणि शरद ऋतूत कॉलेजात फ्लूच्या लसीचा कॅम्प लागतो त्याला नक्की जा. लस तर मिळतेच, पण त्या निमित्ताने हेल्थ सेंटरच्या रेकॉर्डला तुझं नाव आणि विमा जुळतोय का ते तब्येत ठणठणीत असताना कळतं. ताप भरल्यावर हे निस्तरायची ताकद नसते.

काउन्सेलिंगबद्दल तू काही विचारलं नाहीस, कोणीच विचारत नाही, म्हणून मीच सांगते. तिथे बोललेलं घरी जात नाही. जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, एरवी तू अठरा पूर्ण आहेस म्हणजे आईबाबांनी फोन करून विचारलं तरी सांगत नाहीत, मार्कसुद्धा तुझ्या परवानगीशिवाय सांगत नाहीत. आईला हे आत्ताच सांगून ठेव नाहीतर तिला वाटेल कॉलेज लपवतंय. 988 हा नंबर पाठ कर, जीव नकोसा झाला, मन फार खचलं तर मदतीसाठीचा आहे, 2022 पासून देशभर आहे, फोन करता येतो, मेसेजही. आणि हे तर गाठ बांधून ठेव, फार खचलीस आणि एखादा विषय सोडावासा वाटला तर सोडायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला जायचं. आजारपणासाठी कमी विषय घ्यायची मुभा एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आहे, डॉक्टरचं किंवा लायसन्स असलेल्या सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं, पण परवानगी आधी घ्यावी लागते. आधी विषय सोडून मग सांगायला गेलं की व्हिसाचं स्टेटसच अडचणीत येतं, आणि जी मुलगी आधीच झोपत नाहीये तिला हे नवीन संकट. सुट्टीत भारतात गेलीस की इथला काउन्सेलर फोनवर सेशन घेईल असंही धरून चालू नकोस, त्यांचं लायसन्स राज्यापुरतं असतं.

एकटेपणाचं मी फार बोलणार नाही, तो सगळ्यांना येतो आणि कामाला लागलं की कमी होतो. फक्त कधी येतो ते सांगते. तो पहिल्या आठवड्यात येत नाही, तेव्हा रोज काहीतरी कार्यक्रम असतो. तो येतो कार्यक्रम संपतात तेव्हा. कार्लटनची टर्म थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या आधी संपते आणि पुढची जानेवारीत सुरू होते, मध्ये जवळजवळ सहा आठवडे कॅम्पस रिकामा. कुत्रे नाहीत, योगा नाही, जेवणघर बंद. बाहेर उणे वीस. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात तेव्हापासून भारताशी अंतर साडेअकरा तासांचं होतं, म्हणजे आपल्याला रात्री बोलावंसं वाटतं तेव्हा आईची सकाळची गडबड असते, कुकर, डबा, पाणी जायच्या आत भरायचं. ती म्हणते बोल गं लवकर, आणि आपण म्हणतो काही नाही, सहज केला. मी किती वेळा असा फोन ठेवलाय.

बोलणार नाही म्हणत बोललेच.

खरं तर तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य मला लागलं, की इव्हेंटवरून तिथले लोक कसे आहेत ते कळतं का. याचं उत्तर मला माझ्या लेकीच्या शाळेने दिलं. तेव्हा आम्ही दुसऱ्या राज्यात होतो. शाळेत दाखल करताना एक फॉर्म भरायचा असतो, घरी कुठली भाषा बोलता. आम्ही मराठी लिहिलं, कारण बोलत होतो. त्यावरून मुलाची इंग्रजीची चाचणी घेतात, तो नियमच आहे. पोरगी बुजली, परक्या बाईंसमोर तोंड उघडेना, त्यामुळे तिला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात टाकलं आणि रोज वाचनाच्या तासाला वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत न्यायला लागले. ती इंग्रजी गोष्टींची पुस्तकं घरी भराभर वाचायची. आई-वडील या वर्गाला नाही म्हणू शकतात, तसा हक्क आहे, पण हे आम्हाला त्या शाळेत कोणी सांगितलं नाही, खूप उशिरा दुसऱ्या एका आईकडून कळलं. आणि त्याच शाळेत त्याच वर्षी सगळ्या देशांच्या संस्कृतीची संध्याकाळ होती. आम्ही साबुदाणा वडे केले, लेकीने परकर-पोलकं घातलं, मुख्याध्यापक बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की तुम्ही इथे आलात हे आमचं भाग्य. मनापासून म्हणाल्या त्या, मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला परत त्या खोलीत नेलं. तिने त्यानंतर घरी मराठी बोलणं हळूहळू बंद केलं. तिला वाटलं मराठीमुळे आपल्याला वर्गातून काढतात. आज ती कॉलेजच्या वयाची आहे, कराडला आजीशी व्हिडिओवर बोलते तेव्हा आजी मोडक्या इंग्रजीत बोलते आणि ही हसून मान हलवते, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. त्या शाळेला मी अजून माफ केलेलं नाही.

म्हणून मी इव्हेंट बघत नाही, दुसऱ्या दिवशीची सकाळ बघते. नॉर्थफील्ड मला त्या कसोटीवर बरं वाटलं. इथे लायब्ररीतल्या बाई माझं नाव नीट उच्चारायला शिकल्या, मी बरेच दिवस दिसले नाही की विचारतात. मोठ्या शहरात मावशी असेल, मराठी मंडळ असेल, गणपती असेल, त्याची किंमत मी कमी करत नाही, आम्ही पण गणपतीला ट्विन सिटीजपर्यंत, म्हणजे मिनीॲपोलिस-सेंट पॉलपर्यंत गाडी हाणतोच. पण हजारोंच्या युनिव्हर्सिटीत तू आठवडाभर वर्गात गेली नाहीस तर कोणाच्या लक्षात येईल याची मला खात्री नाही, पंधरा मुलांच्या वर्गात मात्र तिसऱ्या दिवशी प्रोफेसरचा ईमेल येतो. माझी स्वतःची लेक विचारती तर मी तिला छोट्या कॉलेजातच पाठवलं असतं. परदेशात पाठवलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

तुझ्या आईला हे दाखव. आणि सीट पक्की करायची तारीख बहुतेक ठिकाणी 1 मे असते, त्याच्या आत कॉलेजला ईमेल कर. विचार की डिसेंबरच्या सुट्टीत होस्टेलमध्ये राहता येतं का आणि त्याचे पैसे वेगळे पडतात का, तेव्हा जेवणघर बंद असेल तर किचन मिळतं का, गावातल्या कुटुंबाशी ओळख करून देण्याची सोय आहे का, काउन्सेलरची पहिली भेट मिळायला किती दिवस लागतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या भारतीय किंवा नेपाळी मुलीशी बोलायला मिळेल का तेही विचार, तिला फक्त एवढंच विचार की मागच्या डिसेंबरात तू कुठे होतीस. काय उत्तर येतं ते मला कळव, मग बूट कुठले घ्यायचे ते सांगते, ते तिकडून आणू नकोस.