एकचाकी सायकलवर असताना कुत्रं अंगावर आलं तर पळावं की उतरावं?

सांगलीत पहाटे एकचाकी घेऊन निघता, दोन-तीन ठरलेल्या कोपऱ्यांवर कुत्री मागं लागतात, तेव्हा जोरात पायडल मारावं की थांबावं, असं तुम्ही विचारलंय.

उतरा. आणि कुत्रं पायाशी यायच्या आधीच उतरा. मी साताऱ्यात सहा वर्षं एकचाकी चालवतोय. पहिलं वर्षभर उतरणं म्हणजे हार, असं डोक्यात होतं. बाकी कुणी बघत नसलं तरी कुत्र्यासमोर सुद्धा उतरायची लाज वाटायची.

पळण्याचा हिशेब एकदा करून बघा. माझं चाक २४ इंची आहे. पायडल थेट चाकाच्या आसाला, त्यामुळं पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी, साधारण १.९ मीटर. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या, म्हणजे अगदी जिवाच्या आकांतानं, तरी वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास. गावठी कुत्रं ताशी ३० नं सहज पळतं. त्यात फ्रीव्हील नाही. साध्या सायकलवरचा माणूस पाय वर घेऊन उतारानं सुटतो, आपल्याला पाय फिरवतच राहावे लागतात. पायडल खाली आलं की पाऊल जमिनीपासून वीतभर आणि पोटरी बरोबर कुत्र्याच्या तोंडाशी. गोल गोल फिरणारी पोटरी, तीही पळणारी. त्याला दुसरं काय सुचणार?

मुळात त्याचा राग आपल्यावर नसतोच, आपल्या आकारावर असतो. माणसापेक्षा उंच, हात पसरून डुलणारं, खाली एकच चाक असलेलं काहीतरी त्याच्या गल्लीत शिरलेलं असतं. खाली उतरून गाडी हातात धरली की माझ्या अनुभवात निम्मी कुत्री तिथल्या तिथं गप्प होतात. 'अरे, हा तर माणूस' असं तोंड करून परत जाऊन बसतात. माणसंही काही कमी नाहीत म्हणा, मला अजून 'सर्कस आली रे' ऐकावं लागतं. तुम्ही तर सांगलीचे. १८८० साली पहिली भारतीय सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे तुमच्याच अंकलखोपचे, तेव्हा तुम्ही ते कौतुक म्हणूनच घ्या.

उतरण्याची मात्र सवय करावी लागते. शिकताना आपण सगळे मागच्या बाजूला उतरतो, सीटची पुढची मूठ धरून. कुत्रं समोरून येत असेल तर हे ठीक, गाडी आपोआप मध्ये येते. पण मागून येणाऱ्या कुत्र्यासाठी असं उतरलात तर थेट त्याच्या तोंडात. त्यासाठी पुढं उतरायला शिका: पुढं पाऊल टाकायचं आणि एक हात मागं नेऊन सीट पकडायची. मग वळलं की चाक कुत्र्याकडं, आपण चिमट्याच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, मागं. मैदानावर पन्नासेक वेळा केलंत की हाताला बसतं. गाडी सोडून देऊ नका. डांबरावर आपटली की त्या आवाजानं लांबची कुत्रीही येतात. आणि मनगटाला गार्ड बांधा. कुत्र्यानं चावण्याआधी घाबरून पडूनच हात मोडायची शक्यता जास्त.

उतरल्यावर डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, पाठ फिरवून पळायचं नाही. अंग थोडं आडवं करून, चाक मध्ये ठेवून, हळूहळू त्याच्या हद्दीबाहेर चालत जायचं. घोगऱ्या आवाजात एकदा 'हाड!' पुरतं. नुसतं दगड उचलायला वाकल्यासारखं केलं तरी रस्त्यावरचं कुत्रं मागं सरतं. खरा दगड मारू नका, तुम्हाला उद्याही तिथूनच जायचंय.

हे सगळं गल्लीतल्या कुत्र्यांचं. दिवाळीनंतर दोन गोष्टी बदलतात. एक, भाद्रपदात गाभण राहिलेल्या कुत्र्यांची पिलं कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात, आणि एरवी शेपूट हलवणारी कुत्री तेव्हा कुणालाच जवळ येऊ देत नाही. पिलं दिसली की महिनाभर रस्ता बदला. दुसरं, माणदेशातले मेंढपाळ कळप घेऊन पश्चिमेला निघतात, शेतात मेंढरं बसवतात. त्यांच्या वाड्याची कुत्री राखणीची असतात, ती वाकण्याला भीक घालत नाहीत. तिथं लांबूनच उतरायचं आणि धनगराला हाक मारायची. 'पावनं, कुत्री आवरा' म्हटलं की तो एका शिट्टीत बसवतो.

बिस्किटाचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मीही समर्थ मंदिराच्या बाजूला एका टपरीपाशी सीटवर बसूनच बिस्किटं टाकायचो. पंधरा दिवसांत कुत्रं दोस्त झालं, आणि सोळाव्या दिवशी आनंदानं थेट चाकात शिरलं. सहा वर्षांत कुत्र्यामुळं मी एकदाच आपटलोय, तो असा, मायेनं. त्यापेक्षा टपरीवाल्याशी ओळख करा, चहा घ्या, कुत्र्याला पायी असताना हुंगू द्या.

चावा मला एकदाच बसला, तोही बंगल्याच्या उघड्या फाटकातून आलेल्या, गळ्यात पट्टा असलेल्या पाळीव कुत्र्याचा. मालक गॅलरीतून 'काही करत नाही तो' म्हणत होते. दात नुसता घासला होता, पण रक्त आलं होतं. अशा वेळी वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मग त्याच दिवशी सिव्हिलला. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. सरकारी दवाखान्यात दंडाच्या त्वचेत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही देतात, ते टाळू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, इतकं लक्षात असलं की पाळीव-भटका हा वाद घालावासा वाटत नाही.

राहिलं परत चढण्याचं. कुत्रं बघत असताना तिथंच चढायला जाऊ नका, डुलायला लागलात की ते पुन्हा उठतं. चाळीस-पन्नास पावलं पुढं जा. सपाटीला यात काही विशेष नाही. यवतेश्वरच्या चढावर मात्र मला अजून कठडा धरावा लागतो, आणि तिसऱ्या प्रयत्नातही नाही जमलं तर सरळ पुढच्या वळणापर्यंत गाडी खांद्यावर घेऊन चालतो.