तेरा दिवसांत उत्तर मागू नकोस

प्रिय बाळा,

सप्रेम जय ख्रिस्त.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. मोबाइलवर याचं उत्तर टाइप करणं मला जमेना, म्हणून वहीचं पान फाडून बसले आहे.

चाकणला रुजू व्हायचं त्याच पहाटे पप्पांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. आज तेरावा दिवस. तू लिहितोस, ‘देव सार्वभौम आहे असं तुम्हीच शब्बाथ शाळेत शिकवलंत. मग हे त्यानेच केलं ना?’

शिकवलं, कबूल. बायबलमधल्या योसेफाचा, भावांनीच विहिरीत टाकून विकलेल्या त्या मुलाचा, रंगीत झगा फळ्यावर चिकटवून शिकवलं. पण विहिरीपासून राजवाड्यापर्यंतची गोष्ट मी चाळीस मिनिटांत संपवायचे, कारण नंतर खाऊ वाटायचा असायचा. तिथे माझं चुकलं. योसेफ विकला गेला सतराव्या वर्षी, मिसरच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहिला तिसाव्या वर्षी. आणि ‘देवाने मला तुमच्या आधी इकडे पाठवलं’ असं तो भावांना सांगतो तेव्हा चाळिशीला टेकलेला आहे. मधल्या बावीस वर्षांत त्याने हे वाक्य कुणाला ऐकवल्याचं कुठे लिहिलेलं नाही. उलट कोठडीत असताना त्याने प्यालेबरदाराला, म्हणजे राजाला मद्य देणाऱ्या सेवकाला, स्पष्ट सांगितलं होतं, बाहेर गेलास की माझी आठवण ठेव, मला इथून सोडव. भरवसा होता म्हणून हात बांधून बसला नाही. तो माणूस पुढे दोन वर्षं विसरला, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा कंपनीने दिलेली पंधरा दिवसांची मुदत संपायच्या आत एचआरला नीट पत्र लिही आणि आणखी एक महिना माग. नाही म्हणाले तर नाही. पण मागायचंच नाही आणि त्याला ‘देवाची इच्छा’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

भेटायला येणारे काय काय बोलत असतील याची कल्पना आहे. ‘यातून काहीतरी चांगलंच निघेल.’ आपल्याकडे पंडिता रमाबाईंची साक्षही अशीच सोपी करून सांगतात. 1874 च्या सुमारास दुष्काळाने थोडक्या काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण नेली. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. 1882 मध्ये पती पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीसुद्धा नव्हती. पुढे 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि केडगावला (नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं) ‘मुक्ती’ ही त्यांची आश्रयसंस्था उभी राहिली. इथे वक्ते हात वर करून म्हणतात, बघा, यासाठीच देवाने त्यांना आधी भूक दाखवली!

मला ही बेरीज कधी जुळली नाही. आई अन्नावाचून गेली, तिचा हिशेब दुसऱ्या कुणाचं पोट भरल्याने मिटत नाही. शिवाय 1921 मध्ये ती बेरीज मोडतेच. जिच्या हाती सगळं सोपवायचं ती मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी ऐकू येत नव्हतं, आणि समोर बायबलचं मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत भाषांतर. मुक्तीतल्याच बायका छापखान्यात खिळे जुळवत होत्या. बाईंनी ते काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. मला विचारशील तर त्यांची साक्ष ही आहे. दुष्काळ कशासाठी आला याचं उत्तर त्यात नाही, आणि मला त्यात ते शोधावंसंही वाटत नाही.

लगाम देवाच्या हातात आहे, यावर माझा विश्वास आहे. पण एस.टी.त मागच्या बाकावर बसलेल्याला पुढचा रस्ता दिसत नाही, गाडी चालवणारा कितीही ओळखीचा असला तरी.

आमच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्स तुला आठवतात? लहानपणी तूच विचारलं होतंस, वरच्या पिवळट का म्हणून. आमचे हे गेले तेव्हा ओट्यामागे चारच ओळी लागल्या होत्या. पुढची अकरा वर्षं वर उघडं सिमेंट होतं. पैसे नव्हते हे खरं. पण मी देवावर रुसलेही होते. ती भिंत रोज त्याच्या नजरेला पडावी असं वाटायचं. उपासना एकही चुकवली नाही, पण कितीतरी रविवारी गाताना ओठ उघडले नाहीत. शेवटी लेकीने मिस्त्री आणला, तर तो रंगच बाजारात मिळेना. ते का गेले हे मला आजही कळलेलं नाही. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं हिरावलं गेलं, त्यालाही का ते कुठे कळलं? वाचणाऱ्याला पहिल्याच अध्यायात कळतं, त्याला शेवटपर्यंत नाही. देवाने त्याच्या तक्रारी मात्र सगळ्या ऐकून घेतल्या. तूही कर. मध्यरात्री मला मेसेज करतोस, तेच त्यालाही सांग, अगदी त्याच शब्दांत.

आता पप्पांचं. चौतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, तेव्हा हे तरी ऐक. दर दोन तासांनी कूस बदल, रात्रीसुद्धा. माकडहाडाशी, टाचांना लाल डाग दिसला तर चोळायचं नाही. त्या जागेवरचा भार काढायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. पाण्याने ठसका लागत असेल तर जबरदस्तीने पाजू नकोस, गिळणं तपासून घे. भरवताना ताठ बसव, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करू नकोस. आणखी एक. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं धरू नकोस. चाकणच्या नोकरीचं रडगाणं त्यांच्या खाटेपाशी नको, अंगणात जाऊन बोल.

हवेची गादी माझ्याकडे पडून आहे. शनिवारी भाच्याबरोबर टेम्पोतून पाठवते. तिचा पंप रात्रभर घुरघुरतो, पहिल्या रात्री कुणाला झोप लागायची नाही. तो बंद करू नका.

तुझी,
शब्बाथ शाळेची बाई