घटका म्हणजे नेमका किती वेळ?

पंचांगातली घटका, ‘घटकाभर बस’मधली घटका आणि ‘शेवटच्या घटका मोजणे’मधली घटका एकच का, असं तुम्ही विचारलंय. शब्द एकच आहे. काटेकोर माप मात्र फक्त पंचांगात: घटका म्हणजे 24 मिनिटं. दिवस-रात्र मिळून 60 घटका, एका घटकेची 60 पळं. दोन घटकांचा मुहूर्त, साडेसात घटकांचा प्रहर.

पण हे कोष्टक पाठ करण्याआधी ते भांडं डोळ्यांपुढे आणा. घटिका म्हणजे मुळात लहानसा घट. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी आत चढत जातं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटका झाली. मग काढायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. लग्नाचा मुहूर्त असाच धरत. आमच्या आजोळी अशी एक वाटी अजून आहे. मी ती पाण्यात सोडून बघत बसलोय. बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं, आणि काठ पाण्याला टेकला की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती तळाशी जाते.

म्हणून मराठीत घटका ‘भरते’. ‘त्याची घटका भरली’ म्हणजे त्याचा अंत आला. ते बुडणं एकदा पाहिलं की हा वाक्प्रचार अंगावर येतो.

बोलण्यातल्या ‘घटकाभर’ला माप नाही. ‘घटकाभर टेक, चहा टाकते’ असं आजी म्हणते, तेव्हा त्यात आग्रह असतो. ‘थोडा वेळ थांब’ने ते साधत नाही, आणि हा शब्द मागे पडू नये असं मला मनापासून वाटतं. ‘घटकेत हसतो, घटकेत रडतो’ म्हणताना तर घटका क्षणाएवढीच उरते.

‘घडी’ हे याच शब्दाचं झिजलेलं रूप: घडीभर, घडोघडी. (कपड्याची घडी वेगळी.) ‘घड्याळ’ही त्यातलंच. वाटी बुडाली की काशाच्या थाळीवर टोल देत. टोल देणाऱ्या घडियाळ्यांचं वर्णन बाबराने आपल्या आठवणींत केलंय. आणि आपला ‘तास’? तोही आधी टोल द्यायची ती थाळीच होता.